हिरव्या दोऱ्याच्या गोळ्या

मु. पो. कोन, ता. भिवंडी
डिसेंबर २००६

ती. गुणाबाय हिच्या पायांवर धाकट्या भावाचं, बाळारामचं डोकं. (केस गेले, डोकं तेच आहे.)

इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. माझ्या बाबतीत हे मुद्दाम लिहावं लागतं, कारण मागच्या पंधरवड्यात त्याबद्दल जरा शंका होती, ते पुढे येईलच. तुझ्या डोळ्याचं कसं आहे? मोतीबिंदू निघाला, आता पट्टी सुटली का? थेंब वेळेवर घालतेस का, की शेजारणीच्या डोळ्यांतही दोन दोन घालून संपवलेस? इतक्यात गरम पाण्याच्या कुंडात डोकं बुडवू नकोस, वज्रेश्वरी कुठे पळून जात नाही. हे पत्र नेत्रा तुला वाचून दाखवत असणार. (नेत्रा बेटा, आजीला कमी ऐकू येतं म्हणून ओरडून वाचू नकोस, समोरच्या प्रसादाच्या दुकानात गिऱ्हाईक थांबतं. कंसातलं गाळलंस तरी चालेल.) फोन का केला नाही असं विचारशील. फोन हॉलमध्ये आहे आणि हॉलमध्ये सूनबाई मृणाली आहे. शिवाय तू फोनवर बोलायला लागलीस की फोनची गरजच राहत नाही, तिकडून तसंच ऐकू येतं.

तर मुद्द्यावर येतो. आपल्या आळीतल्या लडकूने तुझा निरोप दिला. येत्या मंगळवारी तू पिवळी साडी, खण आणि नारळ घेऊन येणार, मला पाटावर बसवणार, धूप दाखवणार, आणि माझ्या अंगात चंद्राला बोलावून तिला एक प्रश्न विचारणार. बाय, येऊ नकोस. चंद्रा माझ्या अंगात आली नव्हती. गोळ्या आणि खोकल्याचं दोन झाकणं औषध आलं होतं. पुन्हा तसं झालं तर मी पाटावरून उठणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी मला, माझ्या पोराला प्रितेशला आणि भाड्यासाठी दारात उभ्या असलेल्या रिक्षावाल्यालासुद्धा ऐकवलं आहे. काय झालं ते सगळं लिहितो.

चंद्राचा औषधांचा डबा तू पाहिलेला आहेस, तो बिस्किटांचा, झाकणावर घोडा असलेला. तिला वाचता येत नव्हतं, पण औषधाच्या बाबतीत तिने कधी चूक केली नाही. नारपोलीच्या आपल्या पॉवरलूमच्या शेडमधून मी किनारीचं रंगीत सूत आणायचो, त्याचे दोरे ती गोळ्यांच्या स्ट्रिपना बांधायची. माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळीला पिवळा. प्रितेशच्या डोकेदुखीला लाल. मृणालीच्या रक्तवाढीच्या गोळ्यांना पांढरा. स्वतःला हिरवा. आल्यागेल्या पाहुण्यांचेही रंग ठरलेले. सकाळची गोळी असेल तर एक गाठ, संध्याकाळची असेल तर दोन. केमिस्टला ती दोरा दाखवायची आणि तोही सवयीने तीच गोळी काढून द्यायचा. त्यामुळे झालं काय, की चाळीस वर्षांच्या संसारात मी एकही गोळी स्वतःच्या हाताने काढून खाल्ली नाही. हात पुढे करायचा, हातावर गोळी पडायची, मागून पाण्याचा तांब्या यायचा. आपण काय खातोय ते मी कधी विचारलं नाही. उद्या तिने शर्टाचं बटण दिलं असतं तरी गिळलं असतं.

ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने हात पुढे केला. बराच वेळ तसाच बसलो होतो गो. मग मृणालीने बघितलं आणि ती आत जाऊन रडली.

पुढचं तुला थोडंफार ठाऊक आहे. शेडवर जाणं सोडलं. गेलोच तर बंद पडलेल्या लूमवर बसून राहायचो आणि कारागीर मशीन थांबवून विचारायचे, "सेठ, तबियत तो ठीक है ना?" ठीक है म्हणायचो आणि तसाच बसून राहायचो. दाढी वाढली, आंघोळ राहिली, जेवण कडू लागायला लागलं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही येईना. शेजारच्या रंगूबाईने निकाल देऊन टाकला, "बाळाराम येडा झालाय." शेवटी प्रितेशने मला स्कूटरवर घालून कल्याणला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. (मी वाटेत दोनदा उतरायचा प्रयत्न केला. एकदा स्कूटर चालू असताना.)

बाई वयाने आपल्या मृणालीएवढी, पण बोलायला आपल्या शाळेतल्या हेडमास्तरांसारखी. म्हणाली, याला डिप्रेशन म्हणतात, हा आजार आहे, येडेपण नाही, आणि याला गोळी आहे. मग तिने नियम सांगितले आणि माझ्याकडून पाढ्यासारखे म्हणवून घेतले. गोळी रोज त्याच वेळेला. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर गोळीला शिव्या घालायच्या नाहीत. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही, चक्कर येते, जीव घाबरतो. पहिले काही दिवस गाडी चालवायची नाही. दारू नाही. आणि मला विचारल्याशिवाय दुसरं कुठलंही औषध पोटात घालायचं नाही, दुखण्याची गोळी नाही, खोकल्याचं औषध नाही, झाडपाला नाही. शेवटी म्हणाली, पुढच्या खेपेला घरात आहेत नाहीत ती सगळी औषधं पिशवीत घालून आणा, मी बघते.

मी इमानदारीने पिशवी भरली. घोड्याचा डबा नेला. त्यात टिंचर, कापूर, पोटाचा ओवा, मच्छरची अगरबत्ती, प्रितेश लहान असताना आणलेली ग्राइप वॉटरची बाटली, सगळं टेबलावर मांडलं. बाईंनी अगरबत्ती मला परत दिली. फक्त एक गोष्ट मी नेली नाही. चंद्राच्या हिरव्या दोऱ्याच्या गोळ्या. शेवटच्या दोन महिन्यांत पोटातल्या कळा थांबवायला दिलेल्या, जबर गोळ्या होत्या त्या. मला माहीत होतं, बाई बघणार आणि कचऱ्यात टाकणार. म्हणून मी त्या उशीच्या अभ्र्यात ठेवल्या. घरात आणखी काही आहे का म्हणून बाईंनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. या सगळ्या रामायणात खोटं एवढंच बोललो, पण पुरलं.

गोळी लागू पडली, हे मला कबूल करायला पाहिजे. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. मृणालीचा चेहरा असा फुलला की विचारू नकोस. आणि मला बाय, त्या तिसऱ्या भाकरीची लाज वाटली. जिने चाळीस वर्षं भाकऱ्या थापल्या ती जाऊन वर्ष झालं नाही आणि हा पठ्ठ्या तिसरी मागतोय. गोळीने दुःख कमी झालं की चंद्रा कमी झाली, हे मला कळेना. त्या दिवशी मी उशीत हात घालून तो हिरवा दोरा जरा धरून ठेवला.

आता वर्षश्राद्धाचा दिवस. तू डोळ्याच्या ऑपरेशनमुळे आली नाहीस. सगळा गाव जेवायला. आदल्या दिवशीच मांडवाची मोठी पातेली मी उचलायला गेलो (कोणी सांगितलं होतं? कोणी नाही) आणि कमरेत चमक भरली. होमाच्या धुराने खोकला. मागच्या दाराला लडकूने ग्लास पुढे केला, "दादूस, घोटभर घे, कंबर सुटेल." मी छाती काढून म्हणालो, न्हाय, डॉक्टरीणबाईंनी मना केलंय, गोळी चालू हाय. लोक माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. दारू नाकारली म्हणून मी स्वतःवर इतका खूश झालो की आत जाऊन हिरव्या दोऱ्याची गोळी घेतली. एक आदल्या संध्याकाळी घेतली होतीच. चंद्रा म्हणायची ना, ही खाल्ली की बरं वाटतं. तिच्याच घरातली गोळी, ती मला काय त्रास देणार? वरून प्रितेशच्या खोकल्याच्या बाटलीतलं दोन झाकणं औषध घेतलं. मग अर्ध्या तासाने कंबर थांबली नाही म्हणून आणखी एक हिरवी.

पंगत बसली आणि माझा उजवा पाय आपोआप उडायला लागला, लूम चालू असताना शेडची फरशी हलते तसा. मग हात. मग घाम असा, की सदरा अंगाला चिकटला. छाती धडधडतेय, जबडा आवळलाय, डोळे मोठे झालेत, एका जागी बसवत नाही. मी उठून उभा राहिलो तो थरथरतच. समोर चंद्राचा हार घातलेला फोटो, धूप चाललेला, घरभर बायका. रंगूबाईने हातातलं वाढप खाली ठेवलं आणि किंचाळली, "आली गो! चंद्रा आली! बाजूला व्हा, वारा लागू द्या तिला!"

मला बोलायचं होतं. मला सांगायचं होतं की बायांनो, डॉक्टरला बोलवा. पण जबड्यातून शब्द सुटेना, आणि तोवर माझ्या कपाळावर अर्धा पाव हळद आणि पाव किलो कुंकू पडलं होतं. फोटोचा हार काढून माझ्या गळ्यात घातला. मला पाटावर बसवलं आणि पहिला प्रश्न रंगूबाईनेच टाकला, "चंद्रे, माझा तांब्याचा हंडा कोनी नेला गो?" आता तो हंडा मी आठ दिवसांपूर्वी लडकूच्या मोरीत बघितला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "लडकू." लडकूच्या हातातला ग्लास खाली पडला आणि तो माझ्या पायावर आला, "वहिनी, चुकलो!" (तेव्हापासून चंद्राचा सगळ्यात मोठा भक्त तोच. तुझ्यापर्यंत वज्रेश्वरीला बातमी आणून पोचवली ती त्यानेच. हंडा मात्र अजून परत केलेला नाही.)

मग आणखी दोघीतिघींनी काहीबाही विचारलं, ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की गर्दीतून मृणाली पुढे आली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवून हमसून रडायला लागली. म्हणाली, "आई, शेवटच्या दिवशी तुम्ही पेज मागितली होती. डॉक्टरांनी तोंडावाटे काही द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, म्हणून मी दिली नाही. तुम्ही उपाशी गेलात. मला माफ करा." वर्षभर ही पोर हे मनात घेऊन फिरत होती आणि घरात कोणाला पत्ता नाही. बाय, तेव्हा मी शुद्धीवर होतो. माझं नाव काय, मी कोण, सगळं मला ठाऊक होतं. अंगात कोणी नव्हतं. तरी मी तिच्या डोक्यावर थरथरता हात ठेवला आणि चंद्रा म्हणायची तसंच म्हणालो, "असू दे गो." सगळं घर रडलं. मीही रडलो, वर्षभरात पहिल्यांदा. आणि खरं सांगू, त्या घटकेला मला वाटलं की खरंच आली असेल. सगळे तिच्याशी बोलत होते. वर्षभर तिच्याशी कोणी बोललं नव्हतं.

पुढे अंग तापलं. प्रितेशने हात लावला तर चटका बसला. रिक्षात घातलं, दुर्गाडीच्या पुलावर ट्रॅफिक, रंगूबाई सोबत आलेली आणि तिचे प्रश्न संपलेले नाहीत. दवाखान्यात हळदीकुंकवाने माखलेला, गळ्यात हार घातलेला म्हातारा बघून आयाबाईने हात जोडले. डॉक्टरीणबाईंनी जोडले नाहीत. काय खाल्लं, काय खाल्लं, असं त्या विचारत होत्या आणि प्रितेश शपथेवर सांगत होता की रोजच्या गोळ्यांशिवाय काही नाही. तेवढ्यात सदरा काढताना माझ्या खिशातून हिरवा दोरा पडला. मृणालीने तो ओळखला. म्हणाली, हा आमच्या आईंचा रंग आहे, यांनी आईंच्या दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्यात. खोकल्याच्या बाटलीचंही तिनेच सांगितलं. मग कुठे बाईंना कळलं. दोन दिवस सलाईन लावून, बर्फाच्या पट्ट्या ठेवून मला परत आणलं. उशीतल्या उरलेल्या हिरव्या गोळ्या मृणालीने शोधून बाईंच्या हातात दिल्या, संपल्या त्या.

बाईंनी नंतर समजावलं ते असं, की माणसाच्या मेंदूत मन ठीक ठेवणारं एक रसायन असतं. माझी गोळी ते साठवते. चंद्राची गोळीही तेच करते आणि त्या बाटलीतलं खोकल्याचं औषधही तेच करतं. एका टाकीला तीन मोटारी लावल्यासारखं झालं. अंग थरथरणं, ताप, घाम, घाबरेपणा, सगळं त्याचं. आणखी उशीर झाला असता तर मेलो असतो. आठ दिवस सगळं बंद ठेवलं, आता माझी गोळी अर्ध्यापासून पुन्हा सुरू केली आहे. मृणालीलाही त्यांनी नीट समजावलं की अंगात वगैरे काही नव्हतं, औषधांची मारामारी होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल मॅडम, पण 'असू दे गो' हे गोळीला कोणी शिकवलं?" बाईंनी पुढची तारीख लिहून दिली. ती पोर आता पोटभर जेवते, झोपते. तिला मी खरं काय सांगू?

तुझ्यासाठीही दोन शब्द, मोठेपणा घेऊन. तू दर महिन्याला पाठवतेस तो मन शांत करायचा काढा मी घेत नाही. माझ्या गोळीबरोबर काय चालेल आणि काय नाही हे तुला माहीत नाही, मला माहीत नाही आणि काढा विकणाऱ्यालाही माहीत नाही. (तो मी कढीपत्त्याच्या झाडाला घालत होतो. झाड मेलं. झाडाला दुसरी काही गोळी चालू नव्हती.) तुझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या भजनातल्या बायांना वाटू नकोस. कोणाच्या राहिलेल्या गोळ्या आपण खाऊ नयेत, मग ते माणूस कितीही आपलं असो.

आता तुझा प्रश्न. लडकूने सांगितला नाही, पण मला ठाऊक आहे. प्रितेशच्या लग्नात चंद्राने तुला दिलेली मानाची साडी सगळ्यांसारखीच निघाली म्हणून तू ती दारातून परत पाठवलीस. चार वर्षं झाली. तू आली नाहीस, तिने बोलावलं नाही, मध्येच ती गेली. तिच्या मनात राग होता का, हेच विचारायचंय ना तुला? मला पाटावर बसवून विचारू नकोस. मी तिच्या आवाजात नाही म्हणेन आणि तुलाही कळेल की हा बाळाराम बोलतोय. म्हणून येऊ नकोस, आणि डोळा जप.

घरातल्यांना माझा नमस्कार सांग. नेत्राला परीक्षेसाठी आशीर्वाद.

तुझा धाकटा,
बाळाराम

ता. क. १ : येणार नाहीसच, पण कोणी येणारं असेल तर त्याच्याबरोबर थोडे सुके बोंबील पाठव. मी बाईंना विचारलं, माझ्या गोळीला चालतात. त्यांनी असा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा ऐकला म्हणे.

ता. क. २ : काल मृणाली घोड्याचा डबा साफ करत होती. तळाला अंथरलेल्या कागदाखाली एक जांभळ्या दोऱ्याची स्ट्रिप निघाली. जांभळा तुझा रंग. तुझ्या जळजळीच्या गोळ्या, तू आलीस की जेवणानंतर लागायच्या त्या. मृणालीने मागची तारीख वाचून दाखवली. प्रितेशच्या लग्नानंतर दोन वर्षांनी बनलेल्या आहेत. जुन्या मुदत संपलेल्या टाकून तिने नव्या आणल्या होत्या, तू येत नव्हतीस तेव्हा. तुला उत्तर मिळालं असेल. त्या खाऊ मात्र नकोस, यांचीही मुदत गेली आहे.

ता. क. ३ : (नेत्रा, हे आजीच्या कानात वाच, हळू.) बाय, वर लिहिलेलं सगळं खरं आहे, एक सोडून. मृणालीला उशीतल्या गोळ्या सापडल्या, तिने त्या बाईंच्या हातात दिल्या आणि संपल्या असं मी सगळ्यांना सांगितलं. संपल्या नाहीत. आणखी चार आहेत. नारपोलीला, बंद लूमच्या खणात, हिरव्या दोऱ्यासकट. परवा मी तिथे गेलो आणि हातावर घेऊन बसलो होतो. ती कशी येते ते मला आता माहीत आहे गो. ती नाही येत हेही माहीत आहे, तरी हात मागे जाईना. कारागिराने हाक मारली, "सेठ, चाय," म्हणून उठलो. मृणालीला सांगितलं तर पोर घाबरेल, प्रितेशला सांगितलं तर ओरडेल, आणि माझ्या हाताने मला त्या टाकवणार नाहीत. तेव्हा मंगळवारपर्यंत थांबू नकोस. पत्र मिळाल्यावर पहिल्या एस. टी. ने ये. नारळ नको, साडी नको. आपण दोघं शेडवर जाऊ, मी हात पुढे करीन, तू उचलून घे आणि जाताना कल्याणला बाईंच्या हातात दे. (कुंडात टाकू नकोस, सगळ्या यात्रेकरूंच्या अंगात येईल.)

गोळ्या ने. दोरा मला राहू दे.